वाचकांचे प्रश्न : बंदूक नको म्हणणाऱ्यांना मग काम काय दिलं?

मागच्या अंकात बोलता बोलता मी एक वाक्य टाकलं होतं, की दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत साधारण १२,००० तरुणांनी धर्मात बसत नाही म्हणून सैन्यात जायला नकार दिला आणि सरकारनं त्यांना तुरुंगात न घालता झाडं लावायला, मनोरुग्णांच्या हॉस्पिटलात कामाला पाठवलं. एवढंच वाक्य. त्यावर इतके प्रश्न आलेत की आजचं अख्खं सदर त्यालाच देतोय. आपला जिल्हाही तसाच आहे म्हणा, एका गावात घरटी एक फौजी आणि शेजारच्या गावात दिवस बुडायच्या आत जेवून घेणारी, पाणी गाळून पिणारी घरं, त्यामुळं दोन्हीकडनं पत्रं आलीत आणि काही चांगलीच तापलेली आहेत.

प्रश्न : सर, आम्ही जैन शेतकरी. आमच्या शेजारीच सैनिक टाकळी आहे, तिथली पोरं पिढ्यान्पिढ्या फौजेत. तुमचं वाक्य वाचून माझा अकरावीतला मुलगा म्हणतोय, म्हणजे पप्पा ही पळून जायची कायदेशीर वाटच की. मला काय उत्तर द्यावं कळेना. खरंच तसं होतं का? — एक वाचक, शिरोळ तालुका

मुलाचा प्रश्न चांगला आहे, त्याला दटावू नका. आता नीट सांगतो.

अमेरिकेत १९४० च्या सप्टेंबरमध्ये सक्तीच्या भरतीचा कायदा झाला. तिथं तीन ख्रिस्ती पंथ आहेत, मेनोनाइट, क्वेकर आणि ब्रेदरन, की ज्यांच्यात युद्धात भाग घ्यायचा नाही हे शेकडो वर्षांपासून चालत आलंय. ह्या लोकांना पहिल्या महायुद्धाचा वाईट अनुभव होता. तेव्हा वेगळी सोयच नव्हती, नकार देणाऱ्याला सरळ लष्करी छावणीत नेऊन टाकायचे, मग तिथं मारहाण, उपाशी ठेवणं, कोठडी. हटराइट म्हणून त्यांच्यासारखाच एक पंथ आहे, त्यातले दोन सख्खे भाऊ युनिफॉर्म घालत नाही म्हणून अल्काट्राझच्या तुरुंगात हाल काढून पुढं लेव्हनवर्थच्या लष्करी तुरुंगात १९१८ मध्ये मेले. म्हणून ह्या वेळी ह्या पंथांची वडीलधारी मंडळी आधीच वॉशिंग्टनला जाऊन बसली, की बाबांनो आमच्या पोरांना काम द्या, कसलंही द्या, पण ते लष्कराच्या हाताखाली नको. त्यातनं कायद्यात दोन वाटा निघाल्या. एक, सैन्यात जायचं पण हत्यार धरायचं नाही, म्हणजे मेडिकलला वगैरे. दुसरी, ज्याला युनिफॉर्मच चालत नाही त्यानं देशाच्या उपयोगाचं मुलकी काम करायचं.

ह्या दुसऱ्या वाटेचा पहिला कॅम्प १९४१ च्या मे महिन्यात मेरीलँडमध्ये पटाप्स्कोला सुरू झाला, म्हणजे पर्ल हार्बरवर हल्ला होऊन अमेरिका युद्धात उतरायच्याही आधी. १९४७ पर्यंत असे दीडशेच्या वर कॅम्प आणि युनिटं झाली. काम काय, तर जमिनीची धूप थांबवायला बांधबंदिस्ती, रोपं लावणं, रस्ते, धरणाची कामं, जंगलातला वणवा विझवणं. मोंटानात तर वणव्यावर विमानातनं पॅराशूटनं उडी मारून आग विझवायची टोळी होती, त्यात हे अडीचशेच्या आसपास होते. बंदूक धरायला घाबरणारा माणूस पेटलेल्या जंगलात उडी मारत नसतो, हे तुमच्या मुलाला सांगा.

आणि पळायचंच असतं तर सोपी वाट होती ना. ह्यातले बरेच शेतकऱ्यांची पोरं, शेतीसाठी सूट मागता येत होती आणि बऱ्याच जणांना ती मिळालीही. माझं मत विचाराल तर सरकारनं ही सोय काही प्रेमानं केली नव्हती. कॅम्प मुद्दाम लांब रानात टाकले, लोकांच्या नजरेस पडू नयेत म्हणून. कितीतरी शिकलेली पोरं, कोण मास्तर कोण इंजिनिअर, तिथं वर्षानुवर्षं खड्डे खणत बसली आणि आपण देशाच्या उपयोगाचं काय करतोय हेच त्यांना कळेना, त्यावरनं कॅम्पात भांडणं झाली, काही जण काम टाकून निघून गेले आणि तुरुंगात गेले.

प्रश्न : त्यांना पगार किती होता? — इचलकरंजी

शून्य. सैनिकाला १९४२ पासून महिन्याला ५० डॉलर होते, ह्यांना पगारच नाही. उलट त्यांच्या जेवणाखाण्याचे महिन्याला ३५ डॉलरच्या आसपास ते घरनं किंवा चर्चनं भरायचे. बायकापोरं असतील तर त्यांना भत्ता नाही. काम सरकारचं आणि डबा घरचा असा हिशोब. मला हा सरळ सरळ दंड वाटतो, फक्त त्याला दंड म्हणायचं नाही एवढंच.

प्रश्न : मी नर्स आहे. वेड्यांच्या हॉस्पिटलात त्यांनी नेमकं काय केलं ते जरा सविस्तर लिहा ना. तुम्ही एका ओळीत उरकलंत. — शाहूपुरी, कोल्हापूर

ताई, बरोबर बोललात, सगळ्यात मोठं काम तिथंच झालं.

कसंय, युद्ध सुरू झाल्यावर सरकारी मनोरुग्णालयातले अटेंडंट निघून गेले, निम्मे फौजेत आणि निम्मे कारखान्यात, कारण कारखान्यात पैसे बरे होते. वॉर्ड उघडे पडले. मग १९४२ पासून तिथं ही पोरं पाठवायला लागले, एकूण तीन हजारांच्या आसपास गेली. फिलाडेल्फियाचं बायबेरी नावाचं मोठं हॉस्पिटल होतं, तिथं एकेका माणसाच्या गळ्यात शंभरावर पेशंट. कपडे नाहीत, जमिनीवरच घाण, भिंतीला टेकून उघडी माणसं बसलेली. जुने अटेंडंट काठी नाहीतर रबरी नळी जवळ ठेवायचे. आता ह्या पोरांचा तर धर्मच मारायचं नाही सांगणारा, मग करायचं काय? दंगा करणाऱ्या पेशंटला न मारता कसं धरायचं, दोघांनी मिळून कसं थांबवायचं, हे त्यांना तिथं उभं राहून शिकावं लागलं. प्रत्येकाला जमलं असं मी म्हणणार नाही. हात उचलला गेलेलेही होते त्यात.

पण एक गोष्ट त्यांनी केली जी आधीच्यांनी केली नव्हती, त्यांनी लिहून ठेवलं. देशभरातल्या युनिटांमधनं काय बघितलं ते गोळा केलं, एकानं तर बायबेरीत लपवून कॅमेरा नेऊन फोटो काढले. १९४६ च्या मे महिन्यात 'लाइफ' साप्ताहिकात ते फोटो आणि लेख छापून आला आणि अमेरिकेत खळबळ उडाली, युरोपातल्या छळछावण्यांचे फोटो लोकांनी वर्षभरापूर्वीच बघितले होते ना, आणि हे तर आपल्याच घरातलं निघालं. त्याच वर्षी ह्या पोरांनी मानसिक आरोग्यासाठी एक राष्ट्रीय संस्था काढली. आपल्याकडं अजूनही माणूस बिघडला की 'रत्नागिरीला न्या' म्हणून हसण्यावारी नेतात, आत काय चालतं ते बघायला जातंय कोण. तिथंही बाहेरचे कोण आत गेले नव्हतेच, ही पोरं गेली ती शिक्षा म्हणून आणि बघून आली.

आणि तुमच्या आवडीचं म्हणून सांगतो, बायकांना भरतीची सक्ती नव्हती तरी मेनोनाइट कॉलेजच्या मुली आपणहून अशा हॉस्पिटलात कामाला गेल्या, काहींच्या बायकाही गेल्या. ह्यांचं नाव फार कमी घेतलं जातं.

प्रश्न : त्यांच्यावर औषधांचे प्रयोग केले हे खरं आहे का? ही तर जबरदस्तीच झाली. — गडहिंग्लज

प्रयोग झाले हे खरं. मात्र नाव आपणहून द्यायचं होतं. मलेरिया, कावीळ यांच्यासाठी स्वतःला लागण करून घेतलेले होते. न्यू हॅम्पशायरमध्ये तर काही जण उवा सोडलेल्या चड्ड्या घालून आठवडेच्या आठवडे रस्त्याचं काम करत होते, टायफस ताप पसरवणाऱ्या उवा मारायची पावडर तपासायला. हसू नका, कल्पना करून बघा जरा, अंघोळीला आणि कपडे बदलायला मनाई.

पण सगळ्यात गाजलेला प्रयोग उपासाचा. मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज नावाच्या शास्त्रज्ञानं १९४४ च्या नोव्हेंबरात सुरू केला. प्रश्न असा होता की युरोपात युद्ध संपल्यावर लाखो लोक उपाशी सापडणार, त्यांना परत खायला घालायचं तर कसं घालायचं, कोणाला माहीत होतं? ३६ धडधाकट तरुण घेतले, विद्यापीठाच्या स्टेडियमखालच्या खोल्यांत ठेवले. पहिले १२ आठवडे नीट जेवण, मग २४ आठवडे अर्धपोट, दिवसाला साधारण १,६०० कॅलरीच्या आत, दोनच वेळा, बटाटे, सलगम, काळा ब्रेड, मॅकरोनी, युरोपात जे मिळत होतं तेच. आणि आठवड्याला २२ मैल चालायचं. वजन पावपट उतरलं. पण वजनापेक्षा डोक्याचं काय झालं ते वाचून माणूस हादरतो, पोरं स्वयंपाकाची पुस्तकं गोळा करून रात्री वाचत बसायची, ताटं चाटायची, जेवण दोन-दोन तास पुरवून खायची, बसल्यावर हाडं टोचायची म्हणून उशी बरोबर घेऊन फिरायची, मैत्रीण आली तरी तिच्याशी बोलायची इच्छा नाही. एकानं कुऱ्हाडीनं स्वतःची बोटं तोडली, मुद्दाम का चुकून हे त्याचं त्यालाही सांगता येईना. चौघे शेवटपर्यंत टिकले नाहीत. त्यातनं हे कळलं की उपासमारीतनं उठलेल्या माणसाला नुसत्या जीवनसत्त्वाच्या गोळ्यांनी काही होत नाही, त्याला दिवसाला ४,००० कॅलरीच्या आसपास भरपूर अन्नच लागतं. १९५० मध्ये ह्याचे दोन जाडजूड खंड छापले गेले आणि आजही मुली स्वतःला उपाशी मारायच्या आजारात सापडल्या की डॉक्टर तेच काढून बघतात.

जबरदस्तीबद्दल तुमचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. रानात खड्डे खणत बसलेल्या आणि लोकांकडनं भित्रा म्हणून ऐकून घेतलेल्या पोराला कोणी म्हटलं की ये, जीव धोक्यात घालून दाखव, तर तो किती मोकळेपणानं हो म्हणेल? आज कुठलीही कमिटी असल्या प्रयोगाला परवानगी देणार नाही.

प्रश्न : मी निवृत्त सुभेदार, मराठा लाइट इन्फंट्री. स्पष्ट लिहितो. आमच्या पोरांनी गोळ्या खायच्या आणि ह्यांनी झाडं लावायची, वर तुम्ही त्यांचं कौतुक करायचं. हे काही पटलं नाही. — कागल

सुभेदारसाहेब, रामराम. तुम्ही रागवा, तुम्हाला हक्क आहे.

तुमच्या बोलण्यातली एक बाजू अशी आहे जिला त्या लोकांकडं धड उत्तर नव्हतं. भरतीचा आकडा ठरलेला असायचा. एक जण नाही म्हणाला की त्या आकड्यात दुसऱ्याच्या घरचं पोरगं जायचं. हे त्यातल्या विचारी लोकांना खात होतंच, काही जण त्याच कारणासाठी पुढं कॅम्प सोडून विनाहत्यार सैन्यात गेले. म्हणून सगळ्यांना एका मापानं नाही मोजता येत.

आणि भित्रेपणा म्हणाल तर काही नावं सांगतो. डेस्मंड डॉस, सेव्हंथ डे अॅडव्हेंटिस्ट पंथाचा, हत्याराला हात लावणार नाही म्हणाला, पण हा युनिफॉर्म घालून मेडिकलला गेलेला. १९४५ मध्ये ओकिनावाच्या कड्यावर गोळ्यांच्या वर्षावात राहून ७५ जवानांना दोरानं खाली सोडलं, अमेरिकेतला सगळ्यात मोठा शौर्याचा मान त्याला मिळाला. आधी बराकीत ह्यालाच बूट फेकून मारायचे. ब्रिटनमध्ये असे काहीशे लोक न फुटलेले बॉम्ब उकरून काढायच्या कामाला आपणहून गेले, लंडनवर बॉम्ब पडत असताना. आणि १९४४ च्या जूनमध्ये नॉर्मंडीत पॅराशूटनं उतरलेल्या मेडिकल तुकडीतही बंदूक न घेता उड्या मारलेले होते. ह्यांच्याबरोबर त्या कड्यावर तुम्ही असता तर तुमचं मत काय झालं असतं, मला खरंच ऐकायला आवडेल, लिहा.

प्रश्न : खरा कोण आणि ढोंगी कोण हे कसं ओळखायचे? उद्या कोणीही म्हणेल माझा धर्म आडवा येतो. — राजारामपुरी

ओळखता येत नव्हतं, खरं सांगायचं तर. ब्रिटननं १९१६ मध्ये सक्ती आणली तेव्हा कायद्यातच सदसद्विवेकाची सूट ठेवली आणि गावोगाव ट्रायब्युनल बसवली. तिथं बसलेले बहुतेक गावातले प्रतिष्ठित, दुकानदार, नगरसेवक, त्यात लष्कराचा एक माणूस. त्यांचा ठरलेला प्रश्न, तुझ्या बहिणीवर जर्मन सैनिकानं हात टाकला तर काय करशील? जो म्हणेल मारीन तो खोटा, जो म्हणेल मारणार नाही तो नालायक. असल्या प्रश्नानं कोणाचं मन कळणार? त्या युद्धात तिथं १६,००० च्या आसपास लोकांनी नकार दिला, त्यातल्या ३५ जणांना फ्रान्समध्ये नेऊन फाशी नव्हे गोळ्या घालायची शिक्षा वाचून दाखवली आणि एक क्षण थांबून मग दहा वर्षं सक्तमजुरी केली असं सांगितलं. दुसऱ्या युद्धात मात्र ब्रिटननं जरा शहाणपणानं घेतलं, न्यायाधीश बसवले, शेती, जंगल, हॉस्पिटल अशी कामं लावून दिली.

अमेरिकेची अट वेगळीच, नकार धर्मातनंच आला पाहिजे. नास्तिक माणूस कितीही प्रामाणिक असला तरी त्याला तुरुंग. ही अट मला कधीच पटली नाही, आणि तिथल्या सुप्रीम कोर्टालाही पुढं पटली नाही, १९६५ आणि १९७० च्या दोन निकालांनी व्हिएतनामच्या काळात ती सैल झाली. दुसऱ्या महायुद्धात तुरुंगात गेले ते जवळपास ६,०००, त्यात बहुतेक यहोवा विटनेस पंथाचे.

प्रश्न : वळिवड्याच्या पोलिश कॅम्पमध्ये असे लोक होते का? — गांधीनगर

नाही. वळिवड्याला १९४३ ते १९४८ मध्ये जे पाचेक हजार पोलिश होते ते रशियानं सायबेरियाकडं हाकललेले निर्वासित, जास्त करून बायका आणि मुलं. त्यांचे धडधाकट पुरुष तर उलट लढायला गेलेले. पण नकार देणारे लोक हिंदुस्थानात आले होते हे खरंय, कोल्हापुरात नाही, कलकत्त्यात. ब्रिटनच्या क्वेकर लोकांची एक अँब्युलन्स टोळी होती, तिची एक तुकडी होरेस अलेक्झांडर यांच्याबरोबर १९४२ मध्ये आली, हवाई हल्ल्याच्या तयारीसाठी म्हणून. आणि हवाई हल्ल्यापेक्षा मोठं संकट समोर आलं, मिदनापूरचं चक्रीवादळ आणि पाठोपाठ १९४३ चा बंगालचा दुष्काळ, मग दूध वाटप, अन्नछत्र ह्यातच ते गुंतले. हेच अलेक्झांडर गांधीजींचे मित्र. क्वेकरांच्या संस्थांना १९४७ चं शांततेचं नोबेल मिळालं त्यात ह्या सगळ्या कामाचा वाटा आहे.

प्रश्न : गांधीजी अहिंसावादी, मग त्यांनी सैन्यभरती कशी केली? — एक विद्यार्थी, शिवाजी विद्यापीठ

केली बाबा. बोअर युद्धात १८९९ मध्ये ११०० हिंदी लोकांचं अँब्युलन्स पथक काढलं तिथपर्यंत ठीक, पण १९१८ मध्ये खेडा जिल्ह्यात गावोगाव फिरून फौजेत भरती व्हा सांगितलं, आणि ज्या गावांनी शेतसाऱ्याच्या सत्याग्रहात बैलगाड्या दिल्या होत्या त्यांनी आता गाडीही दिली नाही. तेव्हाही लोकांनी विचारलं होतं तुझाच प्रश्न. १९४० मध्ये मात्र भूमिका उलटी, युद्धाला ना माणूस ना पैसा, आणि पहिला वैयक्तिक सत्याग्रही म्हणून विनोबा १७ ऑक्टोबरला पवनारला उभे राहिले. मधल्या वर्षांत माणूस बदलला, एवढं मान्य करायला काय हरकत आहे.

प्रश्न : आपल्या जैन धर्मात युद्धाला बंदी आहे का मग? — कुंभोज

मुनींना आहे. श्रावकाला, म्हणजे संसारी जैनाला, नाही, आणि हे बऱ्याच जैन घरांतही माहीत नसतं. शास्त्रात हिंसा चार प्रकारची सांगितलीय, संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. ठरवून केलेली संकल्पी हिंसा गृहस्थानं सोडायचीच, पण शेती-स्वयंपाकात होणारी आणि स्वतःच्या, दुसऱ्याच्या रक्षणासाठी होणारी त्याला पूर्ण टाळता येत नाही असं मानलंय. श्रवणबेळगोळच्या बाहुबलीच्या पायाशी 'श्री चावुण्डराजें करवियलें' लिहिलंय, तो चावुंडराय गंग राजांचा सेनापती होता. आपल्या कोल्हापुरात शिलाहार गंडरादित्याचा सामंत निंबदेव, त्यानं इथं जैन बसदी, म्हणजे मंदिर, बांधली. भगवती सूत्रात वरुण नावाच्या श्रावकाची गोष्ट आहे, तो लढायला गेला पण आधी वार करणार नाही असा नियम घेऊन. म्हणजे मेनोनाइट आणि आपण ह्यांना एकाच रांगेत बसवणं बरोबर नाही. शिरोळच्या वाचकांनी हेही मुलाला सांगावं, म्हणजे टाकळीच्या मित्रांशी उगाच वाद घालायला नको.

प्रश्न : भारतात उद्या सक्तीची भरती आली तर धर्माच्या कारणावर नाही म्हणता येईल का? एमपीएससीचा अभ्यास करतेय. — रंकाळा परिसर

आपल्याकडं सक्तीची लष्करभरती कधी झाली नाही, अग्निवीरसुद्धा स्वखुशीचा. पण घटनेचं कलम २३ चं दुसरं पोटकलम बघ, सार्वजनिक कामासाठी राज्य सक्तीची सेवा लावू शकतं, फक्त धर्म, वंश, जात, वर्ग ह्यावरनं भेद करायचा नाही. शिवाय ५१ क मध्ये हाक आली की देशाची सेवा करणं हे कर्तव्यात आहे. दुसऱ्या बाजूला कलम २५ ची सदसद्विवेकाची मोकळीक, आणि १९८६ चा केरळचा निकाल, तीन शाळकरी मुलं राष्ट्रगीताला उभी राहायची पण धर्मामुळं गात नव्हती, यहोवा विटनेसच, सुप्रीम कोर्टानं त्यांना शाळेत परत घ्यायला लावलं. सक्ती आली तर ह्या कलमांची कुस्ती कोर्टात लागणार. परीक्षेत दोन्ही बाजू लिही.

प्रश्न : आता जगात हे कुठं चालू आहे? — जयसिंगपूर

जर्मनीत १९६१ ते २०११ चाललं, पोरं वृद्धाश्रमात, हॉस्पिटलात काम करायची, इतकी की सक्ती थांबली तेव्हा वृद्धाश्रमवाल्यांचीच पंचाईत झाली. युक्रेनमध्ये शांततेच्या काळासाठी सोय होती, २०२२ ला युद्ध पेटल्यावर ती मिळेनाशी झाली आणि नकार देणाऱ्यांवर खटले झाले. म्हणजे ज्या वेळेसाठी सोय हवी त्याच वेळेला नाही. दक्षिण कोरियात हजारो यहोवा विटनेस पोरं तुरुंगात जात होती, २०१८ ला घटना न्यायालयानं सांगितलं की पर्याय द्या, मग २०२० पासून दिला. फौजेत साधारण १८ महिने काढावे लागतात, ह्यांना ३६, आणि तेही राहायचं तुरुंगाच्या आवारातच, कैद्यांच्या स्वयंपाकघरात वगैरे काम करत. आधी कैदी म्हणून आत असायचे ते दीड वर्ष, आता नोकर म्हणून तीन वर्षं.